साइड-व्हॉल्व्ह इंजिनाचे हेड, नॉकिंग आणि तुलनेची रीत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आजोबांच्या काळापासून घरात असलेली १९२९ ची फोर्ड मॉडेल ए रत्नागिरीहून येताना आंबा घाटात खणखण वाजू लागते. एक मिस्त्री म्हणतो, हेड (सिलिंडरवरचे झाकण) घासून कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना मिश्रण किती पट दाबले जाते ते) वाढवा, गाडी जोमाने चढेल. दुसरा म्हणतो, कॉम्प्रेशन वाढले की नॉकिंग, म्हणजे ही खणखण, वाढणारच, त्यापेक्षा हेडखाली जाड गॅस्केट घाला. आणि नव्या घडणीचे, जास्त कॉम्प्रेशनचे हेड विकणारा म्हणतो की आमचे हेड कॉम्प्रेशन जास्त असूनही नॉक करीत नाही. यांपैकी कोणाचे ऐकावे, आणि मोटारींच्या सुरुवातीच्या काळात इंजिनिअर लोक हेडचे आराखडे नेमके कसे तपासत, हे आपण विचारले आहे. तीसेक वर्षे जुनी इंजिने बांधून देण्याचे काम करीत आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, पण दुसरा प्रश्न आधी घेतल्याखेरीज पहिल्याचे उत्तर देता येणार नाही.

नॉकिंग म्हणजे काय, हे प्रथम नीट पाहू. प्लगवर ठिणगी पडली की ज्वाला तेथून पसरत जाते. जळालेला भाग फुगतो आणि हवा-पेट्रोलच्या अजून न जळालेल्या मिश्रणाला चेंबरच्या पलीकडच्या कोपऱ्यात दाबत नेतो. त्या दाबाने ते शेवटचे मिश्रण इतके तापते की, पुरेसा वेळ मिळाला तर, ज्वाला पोहोचण्यापूर्वीच आपोआप आणि जवळजवळ एकदम पेटते. ज्वाला आधी पोहोचली तर काही होत नाही. मिश्रण आधी पेटले तर दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते. मॉडेल एचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, सुमारे ९८ मिलिमीटर आहे आणि तप्त वायूतील ध्वनीचा वेग लक्षात घेता ही लाट सेकंदाला साडेपाच ते सहा हजार कंपनांच्या आसपास वाजते; म्हणून आपल्याला घणाचा ठोका ऐकू न येता कोणी छोट्या हातोडीने लोखंडावर भराभर मारावे तशी खणखण ऐकू येते. सगळा खेळ शर्यतीचा आहे, आणि कॉम्प्रेशन हा त्या शर्यतीतील एक घटक आहे. ज्वालेला किती अंतर कापायचे आहे, ती किती वेगाने जाते, शेवटचे मिश्रण कोठे जाऊन बसते आणि तेथील धातू किती गरम आहे, या बाकीच्या गोष्टी हेडचा आकार ठरवतो.

सुरुवातीच्या काळात हे कोणाला स्पष्ट नव्हते. केंब्रिजचे प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीच नॉकिंग आणि प्री-इग्निशन (ठिणगीआधीच मिश्रण पेटणे) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ओळखले होते, तरी बाजारात बराच काळ दोन्हींची खिचडी होत राहिली. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या बॅटरी इग्निशनवर या आवाजाचे खापर फोडले गेले, आणि त्यातूनच त्यांनी व थॉमस मिजली यांनी १९१६ पासून इंधनाच्या बाजूने शोध सुरू केला. तो शोध ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगापाशी पोहोचला. शिसे हवेत मिसळण्याचे दुष्परिणाम जगाने पुढे अनेक दशके भोगले, पण तो वेगळा विषय आहे. दरम्यान कारखानदारांचा साधा उपाय म्हणजे कॉम्प्रेशन कमी करणे. फोर्ड मॉडेल टीचे कॉम्प्रेशन सुरुवातीला ४.५ होते, ते पुढे ४ च्याही खाली आणले गेले. इंधन जसजसे निकृष्ट होत गेले तसतशी इंजिने मऊ केली गेली आणि त्याची किंमत पेट्रोलच्या खर्चात मोजली गेली.

हेडच्या बाजूने पहिला पद्धतशीर विचार करणारा माणूस म्हणजे हॉपकिन्सन यांचाच विद्यार्थी हॅरी रिकार्डो. युद्धात त्यांनी ब्रिटिश मार्क ५ रणगाड्यासाठी १५० अश्वशक्तीचे इंजिन आखले होते. चांगले पेट्रोल विमानांसाठी राखलेले आणि रणगाड्याच्या वाट्याला जड, हलक्या प्रतीचे इंधन, त्यामुळे नॉकिंगशी त्यांची गाठ कागदावर नव्हे, कामावर पडली. १९१९ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील शोरहॅम येथे कार्यशाळा मांडली आणि त्याच वर्षी ‘टर्ब्युलंट हेड’चे पेटंट घेतले.

त्या हेडमागची कल्पना समजण्यासाठी १९१२ चा एक सुंदर प्रयोग माहीत असायला हवा. सर ड्युगल्ड क्लार्क यांनी गॅस इंजिनात मिश्रण आत घेतल्यावर व्हॉल्व्ह बंद ठेवले, ठिणगी न देता तेच मिश्रण पिस्टनने काही वेळा दाबून सैल केले आणि मगच पेटवले. मिश्रण तेच आणि दाबही जवळपास तोच होता, पण ज्वलन कितीतरी संथ झाले. आत शिरताना मिश्रणाला जी घुसळण मिळाली होती ती या खेपांमध्ये विरून गेली होती, एवढाच फरक. म्हणजे ज्वालेचा वेग रसायनापेक्षा घुसळणीवर जास्त अवलंबून असतो. हॉपकिन्सन यांनीही त्याच सुमारास बंद भांड्यात पंखा फिरवून हेच दाखवले.

आता त्या काळचे साधे साइड-व्हॉल्व्ह हेड डोळ्यांसमोर आणा. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, आणि हेड म्हणजे पिस्टन व व्हॉल्व्ह दोन्हींवर पसरलेले चपटे झाकण. आत शिरणारे मिश्रण वळण घेऊन सिलिंडरमध्ये उतरताना घुसळण गमावते, आणि प्लग बहुधा व्हॉल्व्हच्या बाजूला असल्यामुळे ज्वालेला पिस्टनच्या पार पलीकडच्या कडेपर्यंत जावे लागते. संथ ज्वाला आणि लांब रस्ता, म्हणजे शेवटच्या मिश्रणाला पेटायला भरपूर वेळ. रिकार्डो यांनी चेंबरचा बहुतेक सगळा पोकळ भाग व्हॉल्व्हवर गोळा केला आणि पिस्टनच्या बऱ्याच भागावर हेड इतके खाली आणले की पिस्टन वर आल्यावर मध्ये फक्त पातळ फट उरावी. त्या फटीतले मिश्रण पिस्टन वर येताना पिचकारीसारखे चेंबरमध्ये फेकले जाते आणि नेमक्या ठिणगीच्या वेळी ताजी घुसळण मिळते. त्यालाच आज आपण स्क्विश म्हणतो. प्लग चेंबरच्या मध्याजवळ, पण लालबुंद तापणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला सरकवलेला, म्हणजे सगळ्यात गरम जागेजवळचे मिश्रण सुरुवातीलाच जळून जाते. आणि जे शेवटी उरते ते त्या पातळ फटीत, दोन्ही बाजूंनी थंड धातूमध्ये दाबलेले असते. ते आपोआप पेटण्याइतके तापतच नाही. एका आकाराने शर्यतीचे बाकीचे सगळे घटक एकाच बाजूला झुकवले, असे मला हे हेड हातात घेतले की दर वेळी वाटते. पुढे अनेक कारखान्यांनी या घडणीचा अवलंब केला आणि पेटंटचे वाद कोर्टापर्यंतही गेले.

पण आराखडा सुचणे वेगळे आणि तो दुसऱ्यापेक्षा सरस आहे हे सिद्ध करणे वेगळे. येथे रिकार्डो यांचे दुसरे काम महत्त्वाचे ठरते. इंधनांच्या अभ्यासासाठी त्यांनी ई-३५ नावाचे एक सिलिंडरचे इंजिन बांधले : बोअर साडेचार इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) आठ इंच, आणि इंजिन चालू असतानाच सिलिंडर वर-खाली करून कॉम्प्रेशन ३.७ पासून ८ पर्यंत बदलण्याची सोय. या कामात हेन्री टिझार्ड आणि डेव्हिड पाय हे त्यांचे सहकारी होते. रीत अशी की इंधन घालायचे, इंजिन पूर्ण थ्रॉटलवर स्थिर करायचे आणि नॉकिंग जेमतेम ऐकू येईपर्यंत कॉम्प्रेशन वाढवत न्यायचे. तो आकडा म्हणजे त्या इंधनाचे ‘सर्वोच्च उपयुक्त कॉम्प्रेशन’. हेप्टेनसारखे इंधन ४ च्या आतच हार मानते, बेंझीन ७ च्या जवळपास जाते. त्यातून एक गमतीची गोष्टही बाहेर आली. तेव्हा पेट्रोल जितके हलके तितके उत्तम असे मानले जाई, आणि बोर्निओतील जड, ॲरोमॅटिक (बेंझीनच्या जातीच्या) घटकांनी भरलेले पेट्रोल त्यामुळे कवडीमोल ठरून जाळून टाकले जात होते. नॉकिंगच्या कसोटीवर तेच सरस निघाले.

ही कसोटी उलटी करून पाहिली की हेड तपासण्याची रीत हाती येते. इंजिन एकच ठेवून इंधने बदलली तर इंधनांची प्रतवारी मिळते. इंधन एकच ठेवून हेड बदलली तर हेडची प्रतवारी मिळते. मात्र दोन्ही एकदम बदलले, किंवा हेडबरोबर टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) हलले, तर हाती फक्त मत येते. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ ‘तुलना’ अशाच असतात : जुने हेड काढले, नवे बसवले, त्यात कॉम्प्रेशन वेगळे, प्लग वेगळा, त्याच दिवशी पॉइंट बदललेले, कार्बन साफ केलेला, आणि मग गाडी चांगली झाली याचे सगळे श्रेय हेडला.

कानाने नॉकिंग ओळखण्याची मर्यादा त्या लोकांनाही कळत होती. मिजली यांनी चेंबरमध्ये बसणारी उसळती पिन तयार केली. नॉकिंगच्या धक्क्याने पिन उडते आणि विजेचे संपर्क जुळतात, म्हणजे तीव्रता आकड्यात मोजता येते. १९२० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इंधन तपासण्याचे प्रमाणित सीएफआर इंजिन आले आणि ग्रॅहम एडगर यांनी सुचवलेल्या आयसो-ऑक्टेन व हेप्टेनच्या मापावर इंधनांना ऑक्टेन क्रमांक (नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचे माप) मिळू लागला, त्यामुळे इंधन कायम ठेवणे शक्य झाले. आणि १९३० च्या दशकात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत रासवायलर आणि विथ्रो यांनी साइड-व्हॉल्व्ह इंजिनाच्या चेंबरवर क्वार्ट्झची खिडकी बसवून ज्वालेची चित्रफीत घेतली. ज्वालेच्या पुढे, कोपऱ्यातले मिश्रण स्वतःहून पेटताना त्यात दिसले. तोवर जे अनुमान होते ते डोळ्यांनी पाहता आले.

आपल्या कार्यशाळेत असे बदलत्या कॉम्प्रेशनचे इंजिन नसते. हेडचे कॉम्प्रेशन ठरलेले असते, म्हणून आम्ही कॉम्प्रेशनऐवजी टायमिंग हलवतो. डायनॅमोमीटरवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) इंजिन पूर्ण थ्रॉटलवर, १००० ते १२०० आरपीएमवर धरायचे. वेग मुद्दाम कमी, कारण शेवटच्या मिश्रणाला पेटायला तेव्हाच सर्वाधिक वेळ मिळतो. घाटात गाडी टॉप गिअरमध्ये रेंगाळली की आवाज येतो तो याचमुळे. मग टायमिंग दोन-दोन अंशांनी पुढे नेत, म्हणजे ॲडव्हान्स वाढवून ठिणगी आणखी लवकर पाडत, दोन आकडे लिहायचे : सर्वाधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) कोणत्या अंशावर मिळतो, आणि नॉकिंग कोणत्या अंशावर सुरू होते. यातला एकच आकडा पाहणे ही सर्वांत मोठी चूक आहे. समजा, एका हेडला उत्तम टॉर्क ३४ अंशांवर मिळतो, पण नॉकिंग २८ लाच सुरू होते. दुसऱ्याला उत्तम टॉर्क २४ अंशांवर मिळतो आणि नॉकिंग २७ ला सुरू होते. नुसता नॉकिंगचा आकडा पाहिला तर पहिले हेड एका अंशाने सरस वाटेल. प्रत्यक्षात पहिले हेड कधीच आपली पूर्ण ताकद देऊ शकणार नाही आणि दुसऱ्याकडे तीन अंश शिल्लक आहेत. दुसऱ्याला कमी ॲडव्हान्स लागतो याचाच अर्थ त्याची ज्वाला वेगवान आहे. क्लार्क यांचा १९१२ चा प्रयोग येथे आपल्या टेबलावर पुन्हा उभा राहतो.

अडचण अशी की आजचे पेट्रोल मॉडेल एच्या काळातील पेट्रोलपेक्षा खूपच सरस आहे. ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर ४.२२ कॉम्प्रेशनचे निरोगी इंजिन नॉक करीतच नाही, मग तुलना कशाची करायची? म्हणून चाचणीपुरते आम्ही इंधन मुद्दाम बिघडवतो. रसायनांच्या दुकानातून आणलेले नॉर्मल हेप्टेन मोजून ३० टक्के मिसळले की ऑक्टेन क्रमांक साधारण ६५ च्या आसपास येतो, आणि सगळ्या हेडना तेच, एकाच डब्यातले मिश्रण दिले जाते. हे फक्त चाचणीच्या बाकावर करावे. गाडीच्या टाकीत असले काही घालू नये.

हवामानाने आम्हाला एकदा चांगलेच फसवले. एका जुन्या इंजिनासाठी दोन हेडची तुलना करायची होती. पहिले एप्रिलच्या दुपारी तपासले. दुसऱ्याची ओतीव फाउंड्रीतून यायला उशीर झाला आणि ते जुलैच्या पावसात बाकावर चढले. नॉकिंग चार अंश उशिरा सुरू झाले, आम्ही खूश, पेढे वाटायचेच बाकी होते. मग आमच्याकडच्या एका जुन्या फिटरने सहज विचारले, पहिले हेड परत लावून बघायचे का? लावले, तर त्यालाही तीन अंश जास्त मिळाले. दमट, थंड हवेत नॉकिंग कमी होते हे आम्हाला पुस्तकातून माहीत होते, पण वहीत हवेचे तापमान लिहायचे कोणालाच सुचले नव्हते. तेव्हापासून क्रम ठरला : पहिले हेड, दुसरे हेड, पुन्हा पहिले, आणि पहिल्याचे दोन्ही आकडे जुळले नाहीत तर दिवसाची नोंद बाद. सिलिंडरभोवतीच्या जॅकेटातील पाण्याचे तापमान, आत जाणाऱ्या हवेचे तापमान आणि कार्ब्युरेटरची सेटिंग दर वेळी लिहायची, आणि चेंबर घासून साफ केलेले असले पाहिजे, कारण कार्बनचा थर जागा व्यापून कॉम्प्रेशन वाढवतो आणि उष्णताही अडवून धरतो.

चाचणीपूर्वीची दोन मापे मात्र कोणीही घरी घेऊ शकतो. चेंबरवर काचेची पट्टी ठेवून ब्युरेटने पातळ तेल ओतले की घनफळ कळते. आणि पिस्टनवर प्लास्टिसिनचे चार गोळे ठेवून, गॅस्केटसह हेड आवळून, क्रँक हाताने एक फेरा फिरवला की स्क्विशची फट गोळ्याच्या जाडीवरून कळते. ही फट काही मिलिमीटर भरली तर बाहेरून कितीही रिकार्डोसारखे दिसणारे हेड असो, ते नुसते चपटे झाकण आहे असे समजावे.

आता तिन्ही सल्ल्यांकडे येतो. मॉडेल एच्या एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ८२१ सीसी आहे आणि मूळ ४.२२ कॉम्प्रेशनसाठी वर २५५ सीसी जागा लागते. चेंबरचे क्षेत्रफळ १२० चौरस सेंटिमीटर धरले तर हेड २ मिलिमीटर घासून २४ सीसी कमी होतात आणि कॉम्प्रेशन जेमतेम ४.५५ होते. एवढ्यासाठी व्हॉल्व्हवरची उंची घटते, मिश्रणाचा सिलिंडरमध्ये उतरण्याचा रस्ता अरुंद होतो, आणि ज्वालेचा रस्ता आहे तेवढाच लांब राहतो. म्हणून हेड घासू नये. जाड गॅस्केटने कॉम्प्रेशन कमी होईल हे खरे, पण त्याबरोबर स्क्विशची फटही रुंदावेल, आणि टर्ब्युलंट घडणीच्या हेडखाली असे गॅस्केट घातल्यावर नॉकिंग कमी होण्याऐवजी वाढल्याचे मी पाहिले आहे. विक्रेत्याचा दावा शक्य कोटीतला आहे. ५.५ कॉम्प्रेशनला वर १८२ सीसीच जागा उरते, पण ती जागा कोठे ठेवली आहे त्यावर सगळे अवलंबून. सैद्धांतिक हिशेबाने ४.२२ वरून ५.५ वर गेल्यास कार्यक्षमतेत तेरा टक्क्यांच्या आसपास वाढ होते. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळते, तरी चढावर जाणवते. मात्र या इंजिनाचा क्रँक तीनच मेन बेअरिंगवर फिरतो आणि बेअरिंग ओतीव बॅबिटची (मऊ मिश्रधातूची) असतात. ती कधी ओतली आहेत हे माहीत नसेल तर तेल-पॅन उघडून पाहिल्याशिवाय कॉम्प्रेशन वाढवू नये.

तरीही माझा संशय वेगळ्याच जागी आहे. मूळ हेड आणि आजचे पेट्रोल असताना ही गाडी नॉक करायलाच नको. सर्वप्रथम आवाज खरोखर नॉकिंगचाच आहे का ते पाहावे. स्टिअरिंगच्या डाव्या हाताची टायमिंगची दांडी चढावर असतानाच वर सरकवावी, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. आवाज लगेच थांबला तर नॉकिंग, न थांबता एका प्लगची वायर काढल्यावर मंदावला तर त्या सिलिंडरचे बिगएंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचे क्रँककडील बेअरिंग. नॉकिंग असेल तर डिस्ट्रिब्युटरचे मूळ टायमिंग, चेंबरमधला कार्बन, मागच्या सिलिंडरभोवतीच्या जॅकेटात साचलेला गाळ आणि मिश्रण पातळ होत आहे का (त्यात पेट्रोल कमी पडते का), या क्रमाने तपासावे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, तेथे हवेचा दाब रत्नागिरीपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. कोल्हापुरात कानाने लावलेले, अगदी काठावरचे टायमिंग कोकणात उतरल्यावर आपोआप जास्त ठरते. आपला मिस्त्री कोल्हापूरचा असेल तर रत्नागिरीहून परतताना घाटाच्या पायथ्याच्या साखरप्याला थांबून दांडी दोन खाचा वर करून घाट चढून पाहा आणि काय झाले ते कळवा. हेडचा विषय त्यानंतर उघडू.